टायर कोरा आहे, पण नवा आहे का?

पत्र थोडक्यात असं. नाशिक तालुक्यातले एक वाचक, वय ३२, वडिलांनी घेतलेली एकच सहाचाकी गाडी आता ते बघतात. सीझनला पिंपळगाव, वणी, दिंडोरीकडची द्राक्षं आणि बाकी वर्षभर कांदा, बहुतेक फेऱ्या वाशीच्या. पुढचे दोन्ही टायर पट्टीला आलेत, म्हणजे नक्षी झिजून तळाच्या खुणेपर्यंत आलीय, मागचे चार दोनदा रिसोल झालेत, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवीन रबराची नक्षी चढवलीय, त्यामुळे सहाच्या सहा बदलायचेत. त्यांच्या दाजींचं टायरचं दुकान आहे, दाजींनी सहा कोरे रेडियल काढून ठेवले आणि नगामागे चार हजार कमी लावतो म्हणाले. गाडीवर वीस वर्षं असलेले ड्रायव्हर काका टायर बघून आले तेव्हा त्यांनी नंबर वाचले, दोन टायरवर ०९२४ आणि चारवर ११२०. काका म्हणाले, ते चार टायर लावणार असाल तर मी कसाऱ्यात गाडी घालणार नाही. दाजी म्हणाले, टायर काय दूध आहे का नासायला, एक किलोमीटर चाललेला नाही. वडील म्हणतात घरच्या माणसावर संशय घेतला तर लेकीच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं. वाचकांचा प्रश्न असा की काका उगाच बाऊ करतायत, की दाजी जुना माल गळ्यात मारतायत? चोवीस हजार वाचतायत, ते सोडवत नाहीत.

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा टायरचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही दोन माणसांपैकी एकाला खोटं ठरवायला निघालात, काका तरी चुकलेत नाहीतर दाजी तरी फसवतायत. मला दोन्ही पटत नाही. आधी नंबर वाचू, मग माणसांकडे येऊ.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. ०९२४ म्हणजे २०२४ चा नववा आठवडा, फेब्रुवारी संपता संपता बनलेला. ११२० म्हणजे २०२० चा अकरावा आठवडा, मार्चचा दुसरा आठवडा. आता जरा आठवून बघा, २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. म्हणजे हे चार टायर कारखान्यातून बाहेर पडले आणि लगेच सगळं ठप्प झालं, गाड्या उभ्या, दुकानं बंद, नंतर कधीतरी ते दाजींच्या गोडाऊनला आले असतील आणि पुढे नवीन माल येत गेला तसे मागे मागे सरकले असतील. हा माझा अंदाज आहे, पण अशा अडकलेल्या मालात दाजींचेही पैसे अडकलेत, त्यांना तो काढायचाय आणि घरच्या माणसाला चार पैसे कमी करून द्यायचाय. यात मला लबाडी दिसत नाही. दुकानदार टायरची नक्षी बघतो, ती पूर्ण आहे, म्हणून त्याच्या हिशोबाने तो नवा.

पण रबराचा हिशोब वेगळा असतो. ज्या दिवशी टायर साच्यातून निघतो त्या दिवसापासून त्याचं वय मोजायचं, गाडीला लावला त्या दिवसापासून नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात, ऊन आणि उष्णता ते काम जोरात करतात. कंपनी रबरात मेणासारखे पदार्थ घालते, टायर चालताना दबतो-फुगतो तसे ते पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराला झाकतात. नुसत्या पडून राहिलेल्या टायरमधे ही हालचालच होत नाही, त्यामुळे 'वापरलाच नाही' ही गोष्ट आपण समजतो तशी पूर्ण जमेची नाही. आणि जे खरं बिघडतं ते आत असतं, स्टीलच्या तारांचे जे पट्टे आहेत त्यांच्यामधलं रबर कडक झालं की ते पट्टे एकमेकांना धरून ठेवत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस भर उन्हात, पूर्ण लोडवर, वरचा पट्टा सोलून निघतो, हायवेला कडेकडेने रबराचे जे लांब तुकडे पडलेले दिसतात त्यातले बरेच असे सोलून निघालेले असतात. काही हवा कमी ठेवल्यामुळे, काही रिसोल सुटल्यामुळे, आणि काही वयामुळे.

इंग्लंडमधली एक घटना मला कायम आठवते. २०१२ च्या सप्टेंबरमधे एका संगीत महोत्सवातून तरुण पोरांना घरी घेऊन निघालेली बस पुढचा टायर फुटून झाडावर आदळली, तीन जण गेले. तपासात कळलं की तो टायर १९ वर्षांचा होता, बसपेक्षाही जुना. नक्षी मात्र व्यवस्थित होती, म्हणून तो कायद्यात बसत होता आणि कोणी हटकला नव्हता. गेलेल्या पोरांपैकी एकाच्या आईने पुढची कित्येक वर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली. पुढच्याच एक्सलवर का, हे काकांना विचारा, ते एका वाक्यात सांगतील. मागे जोडी असते, एक गेला तर दुसरा गाडी क्षणभर तरी सांभाळतो. पुढे एकटाच असतो, आणि स्टेअरिंग त्याच्या हातात असतं.

तुम्ही म्हणाल दहा वर्षं कुठे, आपले तर सहाच वर्षांचे. बरोबर आहे, आणि सहाव्या वर्षी टायर आपोआप फुटतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे नक्षी कितीही असो, काढून टाका, काही गाडी बनवणारे सहा वर्षांनीच बदला म्हणतात. पण हे सगळं हवामानावरही आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्यापुढे एका मोठ्या विमा कंपनीने आकडे ठेवले होते, टेक्सास, कॅलिफोर्निया, लुईझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच गरम राज्यांत त्यांचे २७ टक्के ग्राहक, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथूनच आले होते आणि त्यातले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरचे. ते विमा दावे आहेत, आपल्या ट्रकच्या टायरवर जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण उष्णता आणि वय एकत्र आले की काय होतं ते त्यात दिसतं. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा चाळीशीला टेकतो, रस्ता त्याहून तापलेला, वर भरलेला माल, आणि कसारा घाटात ब्रेक मारत उतरताना ड्रमची उष्णता रिममधून टायरच्या कडेपर्यंत जाते ती वेगळी. समृद्धीवर जात असाल तर तिथे तासनतास एका वेगाने काँक्रीटवर पळायचं, मधे टायरला थंड व्हायला उसंतच नाही. तुमचे ११२० चे टायर आज सहा वर्षांचे होत आलेत आणि तुम्ही ते लावून पुढे दोन-अडीच वर्षं चालवणार, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षापर्यंत. काकांनी आजचं वय नाही बघितलं, शेवटच्या उन्हाळ्याचं वय बघितलं.

आता चोवीस हजारांचं. हा हिशोब तुम्ही मांडला तिथेच थांबलात, मी जरा पुढे नेतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. समजा टायरची मूळ किंमत १७ हजार धरली, तर आधी तो २१,७६० ला पडायचा, आता २०,०६० ला पडतो. म्हणजे १,७०० रुपये तसेही कमी झालेत, ते कोणाची सवलत नाही. दाजींनी चार हजार कमी केले ते कोणत्या किमतीवरून, जुन्या की आत्ताच्या, हे विचारा, कदाचित त्यांच्याही डोक्यात जुनाच भाव असेल. मग तुमची खरी बचत चोवीस हजारांच्या बरीच खाली येईल.

दुसरं, आणि ट्रकवाल्यासाठी हे मोठं आहे. तुम्ही टायर एकदा वापरून फेकत नाही, पुढे चालवून मागे घेता, मग रिसोल करता, तुमच्या गाडीवर तर दोनदा केलंय. टायरचे बरेच पैसे तर केसिंगमधून, म्हणजे नक्षीखालच्या मूळ सांगाड्यातून निघतात. ११२० चा टायर पट्टीला येईपर्यंत त्याचं केसिंग आठ वर्षांचं झालेलं असेल, चांगला रिसोलवाला ते हातात घेऊन बाजूला ठेवेल, आणि जो बघितल्याशिवाय रबर चढवून देईल त्याच्याकडे तुम्ही देऊ नये. म्हणजे आज चार हजार वाचले आणि उद्या एक अख्खं रिसोलचं आयुष्य गेलं. हे टायर फुटले नाहीत, सगळं नीट झालं, तरीसुद्धा हा सौदा तोट्याचा आहे. फुटल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, ऐन फेब्रुवारीत घोटीजवळ द्राक्षाची गाडी चार तास उभी राहिली तर वाशीत भाव काय मिळतो ते तुम्ही रोज बघता.

तरी ०९२४ च्या दोन टायरना याच पंगतीत बसवू नका. ही दुसरी चूक हल्ली खूप होते, लोक व्हिडिओ बघून दुकानात जातात आणि सहा महिन्यांच्या वरचा टायर दाखवला की नको म्हणतात. टायर कारखान्यातून डीलरकडे आणि डीलरकडून दुकानात यायलाच काही महिने जातात. दोन वर्षांचा टायर सावलीत, कोरड्या जागी, नीट ठेवलेला असेल तर मी स्वतः घेईन. म्हणून आकड्याइतकंच गोडाऊन बघा. टायर उभे ठेवलेत की एकावर एक आडवे रचून खालचे चेपलेत, पत्र्याखाली दुपारी किती तापतं, कुठून ऊन येतं का, शेजारी वेल्डिंगचं किंवा कॉम्प्रेसरच्या मोटरचं काम चालतं का, कारण त्या ठिणगीतून ओझोन तयार होतो आणि रबराला तो फार वाईट, तेल-डिझेल सांडलेल्या फरशीवर टायर नाहीत ना. मग टायर उजेडात ओढा, नक्षीच्या खाचा अंगठ्याने फाकवून तळाशी बारीक भेगा दिसतात का बघा, भिंत दाबून वाकवून बघा, रिमला बसते ती कड बोटाने पूर्ण फिरवून बघा, आत हात घालून कुठे फुगवटा किंवा सुरकुती लागते का बघा. काळा पॉलिश मारून चकाचक केलेला टायर असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा मग बघा. आणि आकडे घासलेले, जाळलेले किंवा सापडतच नसतील तर दोन्ही बाजू बघा, बऱ्याच टायरवर ते एकाच बाजूला असतात, तरी नाही सापडले तर तो टायर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

वयासोबत आणखी थोडं वाचायला लागतं. १०.००आर२० या मापाच्या टायरवर १४६/१४३ लिहिलेलं असेल तर एकटा लावल्यावर तो ३,००० किलो आणि जोडीत लावल्यावर २,७२५ किलो पेलतो, १४९/१४६ असेल तर ३,२५० आणि ३,०००. तुमच्या गाडीच्या पासिंगच्या, म्हणजे आरटीओत नोंदलेल्या वजनाशी ते जुळतंय का बघा, सोळा प्लाय आणि अठरा प्लाय या मजबुतीच्या श्रेणींमधला फरक इथेच असतो. आयएसआयचा शिक्का आपल्याकडे सक्तीचा आहे, तो असलाच पाहिजे. एका एक्सलवर नायलॉनच्या दोऱ्यांचा टायर आणि स्टीलच्या तारांचा रेडियल मिसळू नका, आणि मागच्या जोडीत एक उंच एक झिजलेला असं करू नका, उंच असतो तोच सगळं वजन उचलतो आणि तापतो. आणि नवीन टायरमधे जुनी ट्यूब आणि जुना फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबराची पट्टी) कोंबायची सवय मोडा, ताणलेल्या ट्यूबला आत घडी पडते आणि टायर चांगला असून गाडी रस्त्यात उभी राहते.

आता दाजी. तुम्हाला वाटतंय तारीख विचारली की संशय घेतला. पण भाऊ, आपण मेडिकलमधे ओळखीच्या माणसाकडूनसुद्धा औषधाची तारीख बघून घेतो, तो रागावत नाही. टायरवरची तारीख कंपनीने ग्राहकाने वाचावी म्हणूनच छापलेली असते. अडचण तारखेची नाही, ती विचारायच्या पद्धतीची आहे. ताईच्या हाती निरोप पाठवू नका, तिला यात अजिबात मधे घेऊ नका, तिला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागेल. वडिलांसमोर फोनवरही बोलू नका. सकाळी दुकान उघडतं तेव्हा स्वतः जा, गिऱ्हाईक नसताना, आणि सरळ सांगा, दाजी, २४ चे दोन मी आजच घेतो, पूर्ण भावाने घेतो, आणि मागच्या चारसाठी ऑर्डर टाका, ताजा माल येईपर्यंत मी थांबतो, बाहेर कुठे जाणार नाही. त्यांचं गिऱ्हाईक तुटत नाही, तुमचा टायर चुकत नाही. ११२० च्या चार टायरचं काय करायचं हे त्यांनी डिस्ट्रिब्युटरशी बोलून बघावं, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे, आणि तेवढा सल्ला तुम्ही नात्याने देऊ शकता की हे दुसऱ्या कोणाच्या पुढच्या चाकाला देऊ नका.

बिल पक्कं घ्या, नातं असलं तरी. बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर प्रत्येक टायरचा सीरियल नंबर आणि ते चार आकडे लिहून घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की टायर बनल्यापासून, हे कंपनीनुसार वेगळं असतं, कार्ड वाचून घ्या, जुन्या मालात नेमकी इथेच गोम निघते. ज्या वाचकांचे दाजी दुकानदार नाहीत त्यांनी पैसे द्यायच्या आधी आकड्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा आणि फिटिंगच्या वेळी तेच टायर आहेत का ते स्वतः ताडून बघावं, आणि जुना टायर ताजा म्हणून बिलासकट विकला गेला आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

काकांबद्दल एक बोलायचं राहिलं. पत्रात तुम्ही लिहिलंय, 'ड्रायव्हर उगाच बाऊ करतो.' वीस वर्षं ज्या माणसाने तुमच्या वडिलांची गाडी घाटातून खाली-वर नेली, त्याने चार आकडे वाचून नाही म्हटलं, आणि पगारावर असून मालकाला तोंडावर म्हटलं. पुढचा टायर गेला तर त्याच्या पायाखाली जाणार आहे, दाजींच्या नाही, तुमच्याही नाही. मला तुमच्या पत्रात सगळ्यात भरवशाचं वाक्य त्यांचंच वाटलं. त्यांना दुकानात सोबत घेऊन जा, टायर त्यांना हात लावून निवडू द्या, आणि जमलं तर घरी वडिलांशीही त्यांनाच बोलू द्या, वडील त्यांचं ऐकतील.

स्टेपनीचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या गाडीची स्टेपनी नऊ वर्षं खाली लटकत होती, नक्षी एकदम कोरी, घोटीच्या अलीकडे पंक्चर झाल्यावर मोठ्या विश्वासाने लावली आणि इगतपुरी यायच्या आत तिची भिंत फाटली. मुलं मागे बसलेली होती. तेव्हापासून मी कोणाचीही गाडी बघितली की आधी स्टेपनीचे आकडे वाचतो. तुमच्याही वाचा आज संध्याकाळी.

मग असं करा. ०९२४ चे दोन तपासून बरे निघाले तर आजच पुढे लावा, नवीन ट्यूब-फ्लॅप घालून, अलाइनमेंट करून. पुढचे जुने पट्टीला आलेत, ते मागेही घेऊ नका, पट्टी म्हणजे १.६ मिलिमीटर, त्याच्याखाली कायद्यानेही चालत नाही आणि ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. मागच्या रिसोलच्या चारपैकी कुठे चढवलेल्या रबराची कड सुटलीय का ते काकांना बघायला सांगा, सुटली असेल तर गाडी उभी ठेवा, एक फेरी गेली तर गेली. नसेल तर ऑर्डर येईपर्यंत आठवडाभर लोड कमी घ्या, दुपारच्या ऐवजी रात्री निघा, आणि निघायच्या आधी, टायर थंड असताना, सहाही चाकांची हवा गेजने मोजा, ठोकून आवाजावरून नाही.